टीमची जर्सी कशी छापतात? ऑर्डर देण्याआधी हे वाचा

कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे तालमींची ईर्षा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार उतरले की लोक आधी जर्सी ओळखतात, मग खेळाडू. म्हणून शहराला लागून असलेल्या कळंब्यातल्या गल्लीच्या टीमलाही स्वतःची जर्सी हवीच असते.

छोट्या दुकानात ती बहुतेक वेळा सब्लिमेशनने छापतात. डिझाईन खास शाईने कागदावर उलटं छापायचं. तो कागद पांढऱ्या पॉलिस्टरवर ठेवून हीट प्रेसमध्ये सुमारे २०० अंश सेल्सिअसला मिनिटभर दाबायचा. शाईची वाफ होते आणि रंग धाग्यात मुरतो. म्हणून घामाने, धुण्याने त्याचे पापुद्रे निघत नाहीत. सुती कापडावर मात्र हा रंग टिकत नाही. यात पांढरी शाई नसते. पांढरा नंबर म्हणजे न छापलेलं कापड. त्यामुळे गडद कापड चालत नाही.

मुरलेला रंग पुसताही येत नाही. आडनाव चुकलं, तर जर्सी वाया. म्हणून नाव, नंबर, साईझची यादी एकानेच लिहून द्यावी आणि छपाईआधी डिझाईनचा फोटो टीमच्या ग्रुपवर टाकून प्रत्येकाकडून तपासून घ्यावा.