राबाचा धूर आणि चिरनेरचा डोंगर



एप्रिल-मे महिन्यात तुम्ही पनवेलहून पेण किंवा अलिबागकडे गेला असाल, तर एक दृश्य नक्की पाहिलं असेल. कर्नाळ्याचा सुळका मागे पडतो, रस्त्याच्या कडेला कोरडी पडलेली भातखाचरं दिसतात आणि त्यातल्या एखाद्या कोपऱ्यातून निळसर धूर वर चढत असतो. जाळ मोठा नसतो, नुसता धुमसत असतो. गाडीतलं कुणीतरी काच वर करतं आणि म्हणतं, "काय कचरा जाळत बसतात!"

तो कचरा नसतो. त्याला राब म्हणतात. आजचा भाग या राबावर आहे. कारण हा धूर नीट समजला नाही, तर २५ सप्टेंबर १९३० या दिवशी उरणजवळच्या चिरनेर गावात माणसं गोळ्या खाऊन का मेली, हे कळत नाही.

मला तरी बरीच वर्षं कळलं नव्हतं. शाळेत एका ओळीत वाचलं होतं, "चिरनेर येथे जंगल सत्याग्रह झाला." जंगल सत्याग्रह म्हटलं की वाटायचं, लोक झाडं वाचवायला गेले असतील. प्रत्यक्षात उलटं होतं. ते झाडं तोडायला गेले होते. कोयते आणि कुऱ्हाडी घेऊन गेले होते. मग त्यांना आपण हुतात्मे का म्हणतो? चला, मुळापासून बघू.

राब म्हणजे काय

आपल्या किनाऱ्याचा भूगोल अगदी चिंचोळा आहे. एका बाजूला खाडी आणि खाजण, दुसऱ्या बाजूला सह्याद्रीचे फाटे, आणि मधल्या पट्टीत भातशेती. पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटर, तोही चार महिन्यांत. एवढं पाणी कोसळलं की मातीतला कस धुपून जातो. वर तण असं माजतं की भाताचं कोवळं रोप त्यात हरवून जावं.

म्हणून इथला शेतकरी भात सरळ खाचरात पेरत नाही. आधी रोपं तयार करतो आणि मग जुलैत लावणी करतो. रोपांची जागा एकूण शेताच्या साधारण एक दशांश असते, म्हणजे एकराला चारेक गुंठे. सगळा खेळ या चार गुंठ्यांचा. तिथलं रोप जोमदार आलं तर वर्ष निघालं, नाहीतर नाही.

या तुकड्यावर उन्हाळ्यात थर रचतात. खाली शेण, त्यावर झाडांच्या पानांसकट तोडलेल्या फांद्या, म्हणजे कवळ. त्यावर गवत, पालापाचोळा आणि सगळ्यात वर बारीक मातीचा हात. मग तो थर वाऱ्याच्या उलट्या बाजूने पेटवायचा, म्हणजे जाळ भडकत नाही, हळूहळू सरकत जातो. माती भाजून निघते. तणाचं बी मरतं, किडीची अंडी मरतात, राखेतून पालाश आणि चुना मिळतो, आणि भाजलेली माती भुसभुशीत होते. पहिल्या पावसाबरोबर त्यात बी पडतं.

कवळ प्रामुख्याने ऐन आणि किंजळ या झाडांचा. झाड मुळापासून तोडायचं नसतं. फांद्या छाटायच्या, खोड ठेवायचं, पावसाळ्यात त्याला पुन्हा धुमारे फुटतात. जुन्या वरकस जमिनीत तुम्हाला असे खुरटे, गाठी आलेले, डोकं छाटलेले ऐन दिसतील. ते आजारी नसतात. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या फांद्या राबाला गेलेल्या असतात.

आता वरकस हा शब्द लक्षात ठेवा. खाचराच्या वरच्या उतारावरची जमीन म्हणजे वरकस. तिच्यावर नाचणी, वरी व्हायची, गवत यायचं आणि राबाचा कवळ मिळायचा. म्हणजे खालचं भात वरच्या डोंगरावर अवलंबून. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर डोंगर ही भाताची डिपेंडन्सी होती. ती कुणी काढून घेतली, तर खालचं सगळं कोसळणार.

आणि ती काढून घेतली गेली.

डोंगर कुणाचा?

इंग्रजांच्या आधी जंगल म्हणजे मोकळं कुरण होतं, असं समजू नका. आरमार असलेल्या राज्याला लाकडाची किंमत पक्की ठाऊक असते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसं मिळवावं, यावर स्पष्ट सूचना आहेत. सागवान वगैरे हुजूरच्या परवानगीने तोडावं, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडं लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात, असा तो विचार आहे. म्हणजे राज्याचा हक्क होता, पण तो ठरावीक झाडांवर होता. कवळ, सरपण, गवत यांचा हिशेब गावपातळीवर चालायचा.

आंग्र्यांचं कुलाबा संस्थान १८४० मध्ये कंपनीने खालसा केलं. मुंबई वाढत होती. तिथल्या गोदीत सागवानी जहाजं बांधली जात होती. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली आणि मग रूळांखाली टाकायला स्लीपर हवे झाले. लाखो चुलींना जळण आणि कोळसा हवा होता, आणि तो ठाणे-कुलाब्याच्या खाड्यांमधून गलबतांनी मुंबईला जात होता. डोंगर उघडे पडायला लागले, ही गोष्ट खरी होती. सरकारला काळजी वाटली तीही अगदी खोटी नव्हती. प्रश्न असा की बोट कुणाकडे दाखवलं गेलं.

१८६४ मध्ये हिंदुस्थानात वनखातं उभं राहिलं. १८७८ मध्ये नवा वन कायदा आला. त्याने जंगलाचे राखीव, संरक्षित आणि ग्राम असे वर्ग केले. राखीव जंगलात स्पष्ट परवानगी नसलेली जवळपास प्रत्येक गोष्ट गुन्हा ठरली. गुरं चारणं, फांदी छाटणं, वाळकं लाकूड उचलणं, सगळं. काल जो हक्क होता तो आज सवलत झाला. आणि सवलत म्हटली की ती देणारा आला, त्याचा शिपाई आला, शिपायाचा हात ओला करणं आलं.

सगळ्यात जास्त मार बसला कातकरी आणि ठाकर समाजाला. कातकरी हे नावच मुळी कातावरून आलं. खैराच्या लाकडाचा गाभा उकळून विड्याचा कात काढणारे ते कातकरी. खैर सरकारजमा झाला आणि त्यांचा धंदाच त्यांच्या नावापुरता उरला. डोंगरउतारावर जागा साफ करून, भाजून, नाचणी-वरीची फिरती शेती ते करत. तिला इकडे दळी म्हणतात. त्या दळीला बंधनं आली, ठरावीक जागा पट्ट्याने दिल्या गेल्या आणि मालकी मात्र सरकारकडे राहिली. मग उरलं काय? वीटभट्टी, कोळसाभट्टी आणि दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी.

गंमत म्हणजे हे चुकतंय, हे सरकारला तेव्हाच कळलं होतं. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून इतक्या तक्रारी गेल्या, की १८८५ मध्ये मुंबई सरकारला चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. वादाचा मोठा विषय होता राब आणि वरकसमधली झाडं. कित्येक अधिकाऱ्यांच्या मते राब म्हणजे अडाणीपणा, उगाच जंगलाची राख करणं. पण दोन वर्षांनी, १८८९ मध्ये, जॉन ऑगस्टस व्होल्कर नावाचा शेतीरसायनतज्ज्ञ हिंदुस्थानात आला. १८९३ मध्ये छापलेल्या त्याच्या अहवालाचा एकूण सूर असा, की इथल्या शेतकऱ्याला शहाणपण शिकवण्याआधी तो जे करतो ते का करतो, हे समजून घ्या. राबाचीही दखल त्याने घेतली.

अहवाल कपाटात गेले. कायदा जागेवर राहिला.

मीठ झालं, आता जंगल

आता थेट १९३० वर येऊ. मार्च-एप्रिलमध्ये दांडीयात्रा झाली, देशभर मिठाचा सत्याग्रह पेटला. उरण तर मिठागरांचाच मुलूख. पण जून आला, पाऊस सुरू झाला. पावसाळ्यात मीठ कसं पिकवणार? तेव्हा चळवळीने दुसरा कायदा निवडला, तो म्हणजे जंगलाचा. १० जुलैला पुसदला बापूजी अणे यांनी राखीव जंगलातलं गवत कापून अटक करून घेतली. बिळाशी, संगमनेर, बागलाण अशी ठिकठिकाणी ही लाट पसरली.

शहरातल्या कार्यकर्त्यासाठी हे प्रतीक होतं. चिमूटभर मीठ, तसं मूठभर गवत. पण चिरनेरच्या माणसासाठी यात प्रतीक वगैरे काही नव्हतं. तो पुढच्या वर्षीच्या भाताबद्दल बोलत होता.

२५ सप्टेंबरला चिरनेर आणि आसपासच्या गावांतले लोक अक्कादेवीच्या डोंगराकडे निघाले. जंगलात शिरून तोड सुरू झाली. पोलीस आले, वनखात्याची माणसं आली, पनवेलचे मामलेदार केशव जोशीही होते. पकडापकडी झाली, बाचाबाची वाढली आणि गोळीबार झाला. आठ गावकरी गेले. धाकू गवत्या फोफेरकर आणि नवश्या महादेव कातकरी हे चिरनेरचे. रामा बामा कोळी मोठी जुईचे, आनंदा माया पाटील धाकटी जुईचे. रघुनाथ मोरेश्वर न्हावी कोप्रोलीचे, परशुराम रामा पाटील पाणदिव्याचे, हसुराम बुधाजी पाटील खोपट्याचे आणि आलू बेमट्या म्हात्रे दिघोड्याचे. मामलेदार जोशीही त्या दिवशी मारले गेले. सरकारी बाजूचे इतरही काही जण मेले.

ही नावं मी मुद्दाम सगळी वाचली. आठ माणसं, सात गावं. पाटील आहेत, म्हात्रे आहेत, कोळी, न्हावी, कातकरी आहेत. एरवी ज्यांच्या पंगती वेगळ्या बसायच्या, ते एका डोंगरासाठी एकत्र आले होते. कारण भातवाल्याला कवळ हवा होता, कातकऱ्याला कंद आणि सरपण हवं होतं, मच्छीमाराला होडीसाठी लाकूड हवं होतं. डोंगर बंद झाला की सगळ्यांचंच अडत होतं.

नंतर धरपकड झाली, गावांवर पोलिसांची दहशत बसली, खटला ठाण्याला चालला. चिरनेरच्या महागणपतीच्या देवळातल्या गजावर गोळीची खूण आहे, ती गावकरी आजही दाखवतात.

पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. मार्च १९३१ मध्ये गांधी-आयर्विन करार झाला. त्यात मिठाबद्दल एक कलम होतं. जिथे मीठ तयार होतं, तिथल्या गावांना घरापुरतं मीठ घ्यायची मुभा मिळाली. जंगलाबद्दल कलम नव्हतं. म्हणजे उरणच्या खाडीकाठी मीठ उचलणारा करारात बसला आणि तिथून काही मैलांवर डोंगरात फांदी छाटणारा बसला नाही.

मग राबाचं काय झालं?

स्वातंत्र्य आलं. १९२७ चा वन कायदा आपण तसाच चालू ठेवला. दळीच्या जमिनी कसणारे कातकरी-ठाकर कागदावर अतिक्रमणदार होते ते तसेच राहिले. २००६ मध्ये वनहक्क कायदा झाला. त्याच्या प्रस्तावनेतच संसदेने कबूल केलंय, की वनात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला. रायगडातल्या दळीधारकांनी त्याखाली दावे टाकले. ज्या जमिनीवर पणजोबा नाचणी पिकवत होते, तिथे आपण १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आहोत, हे नातवाला कागदांनिशी सिद्ध करावं लागतं.

राबही बदलतोय. कोकणात चारसूत्री भातशेती आली. तिच्यात रोपांच्या वाफ्यात भाताच्या तुसाची राख घालतात आणि बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला खाचरात गाडतात. म्हणजे बघा, राख आणि पाला ही जोडी कायम आहे, फक्त डोंगर चढायची गरज राहिली नाही. शंभर वर्षांपूर्वी बंदी घालण्याऐवजी कुणी असा पर्याय शोधला असता तर? आणि हेही मान्य करायला हवं, की वाढत्या गावांचा सगळा राब आजच्या डोंगरांना झेपला नसता. कर्नाळ्याचं, फणसाडचं जंगल राखलं म्हणूनच आहे. राखण्याला कुणाची हरकत नव्हती. ज्याचं पोट त्या डोंगरावर होतं त्याला न विचारता राखलं, भांडण त्याचं होतं.

उरणमध्ये तर वेगळीच पाळी आली. १९८९ मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झालं आणि हळूहळू खाचरांवर भराव पडले, कंटेनर यार्ड उभे राहिले. आता काही गावांत कवळ तोडायला कुणी अडवत नाही, पण राब भाजायला शेतच उरलेलं नाही.

दरवर्षी २५ सप्टेंबरला चिरनेरला लोक जमतात. स्मारकापाशी पोलीस बंदुकीच्या फैरी झाडून मानवंदना देतात. हो, बंदुकीच्याच. जमलं तर एकदा जाऊन या. आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या रस्त्याने जाताना धूर दिसला, तर काच लगेच वर करू नका. भाजलेल्या मातीला एक खमंग वास येतो. गाडीत लहान मुलं असतील तर त्यांना सांगा, हा राब आहे, यासाठी इथली माणसं लढली होती.

भेटू पुढच्या भागात.