अखिल भारतीय दलित महिला परिषद, नागपूर (1942)
अस्पृश्य समाजातील स्त्रियांचे ऐतिहासिक अधिवेशन. अस्पृश्य वर्गाच्या अखिल भारतीय परिषदेला जोडून 20 जुलै 1942 रोजी नागपूरच्या मोहन पार्कमध्ये ते भरले. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते; पण ठराव बायकांनी मांडले, हे विसरता कामा नये. जमीन आधीच तयार होती : जाईबाई चौधरी यांनी नागपुरात मुलींची शाळा चालवली होती, तर राधाबाई कांबळे गिरणीतील स्त्रियांना संघटित करीत होत्या.

ठरावांत घटस्फोटाचा कायदेशीर हक्क, पुरुषाच्या बहुपत्नीत्वाला बंदी, कायदेमंडळांत व स्थानिक संस्थांत राखीव जागा आणि मुलींसाठी वसतिगृहे या मागण्या होत्या. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका व रेल्वेतील कामकरी स्त्रियांसाठी रजा, अपघाताची भरपाई आणि निवृत्तिवेतन मागितले गेले. गिरण्यांतील स्त्रियांवर देखरेखीला स्त्रियाच नेमाव्यात, असाही आग्रह होता. डोंगरे संततिनियमनावरही बोलल्या. त्या काळी जाहीर सभेत हा विषय काढणे सोपे नव्हते.

स्त्रीचळवळीच्या प्रचलित इतिहासांनी या परिषदेकडे दीर्घकाळ दुर्लक्ष केले. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथाने ती उणीव बरीचशी भरून काढली. घटस्फोट व एकपत्नीत्वाच्या तरतुदी देशभरातील हिंदूंसाठी 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने आल्या.