धर्मशाळा
३. धर्मशाळा : येथे केवळ ‘उतरण्याची जागा’ हा अर्थ पुरत नाही. गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे लोकवर्गणीतून धर्मशाळा उभारल्या. पंढरीत ते रस्ते झाडत, आंधळ्या-पांगळ्यांना वाढत. स्वतः मात्र मागून आणलेली भाकरी खापरात खात. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर ज्यांना अस्पृश्य म्हणून कुणी ओसरीही देत नसे, अशा वारकऱ्यांसाठी होती (१९४९ मध्ये ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन झाली). मूळ मजकुरात लेखकाने पुढच्याच ओळीत या धर्मशाळेच्या ओसरीला ‘गाभारा’ म्हटले आहे. आधीच्या आवृत्तीत तो मुद्रणदोष समजून ‘निवारा’ असा बदलला गेला होता. मूळ शब्द येथे परत घेतला आहे.