फाइल काढून ठेवली का बे?

मुंबई-पुण्याच्या कंपन्यांचे मेल अकोल्यात बसून सांभाळणारे आम्ही काही लोक आहोत. स्पॅम आणि व्हायरस अडवणारं यंत्र तिकडच्या डेटासेंटरमध्ये, आणि त्यात शिरायची एसएसएचची काळी खिडकी इकडे जठारपेठेत. हाताखालच्या पोरांना माझा प्रश्न ठरलेला : बदल करायच्या आधी फाइल काढून ठेवली का बे?

ही सवय त्या यंत्राहून जुनी. व्हीएसएनएलनं इंटरनेट लोकांसाठी उघडलं 15 ऑगस्ट 1995 ला. आमच्या पिढीनं शिकलेला मेल सर्व्हर म्हणजे लिनक्स आणि त्यावर सेंडमेल. बर्कलीच्या एरिक ऑलमननं लिहिलेलं हे सॉफ्टवेअर जगभर चाले, पण त्याची सेंडमेल डॉट सीएफ ही मांडणीची फाइल भल्याभल्यांना घाम फोडायची. नियमाची डावी आणि उजवी बाजू टॅबनंच वेगळी करायची. तिथे साधी स्पेस पडली की नियम मेला, आणि डोळ्यांना फरक दिसायचा नाही. म्हणून हात लावण्याआधी नावाला तारीख जोडून प्रत करायची रीत पडली. शिस्तीचे लोक त्यासाठी फायलींच्या आवृत्त्या सांभाळणारं आरसीएस वापरत. आम्ही वऱ्हाडी, आमचं तारखेवरच भागायचं.

मग पेटी आली. 2000 मध्ये कॅलिफोर्नियात निघालेल्या आयर्नपोर्ट कंपनीनं फ्रीबीएसडीवर बेतलेलं एसिंकओएस घालून मेल-सुरक्षेची तयार यंत्रं विकली. 2007 मध्ये सिस्कोनं ही कंपनी 83 कोटी डॉलरला घेतली. आता सगळी मांडणी एकाच एक्सएमएल फाइलीत : कोणाची मेल घ्यायची, कोणाची अडवायची, कुठे पोचवायची. माझे वडील कापसाच्या अडतीवर मुनीम होते. दिवसभर कच्ची वही, संध्याकाळी पक्की. या यंत्रातही बदल कच्चेच राहतात, ‘कमिट’ म्हटलं तरच लागू होतात. एवढं मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

खरी गोम ही फाइल काढून देणाऱ्या ‘सेव्हकॉन्फिग’ आज्ञेत होती. ते विचारी, पासवर्ड फाइलीत घालायचे का? नको म्हटलं तर पुढे फाइल परत चढवणारी ‘लोडकॉन्फिग’ आज्ञा ती फाइल घेणार नाही, असा इशाराही तिथेच असे. पण कोण वाचतो! सुरक्षेच्या नावाखाली सगळे ‘नको’ म्हणत. फोल्डरमध्ये महिन्यामहिन्याच्या नीटस फायली जमत, ऑडिटवाला खूश, आणि यंत्र बसलं की एकही कामाची नसे. ‘हो’ म्हणावं तर एलडीएपीचे, म्हणजे वापरकर्त्यांच्या यादीच्या सर्व्हरचे, पासवर्ड आणि प्रमाणपत्रांच्या खासगी किल्ल्या त्याच एका फाइलीत. ‘मेलकॉन्फिग’नं ती मेलनं धाडायची सोय होती, आणि अशी फाइल उघड्या मेलनं फिरवणारेही मी पाहिलेत. पुढच्या आवृत्त्यांत पासवर्ड कूटरूपात ठेवून फाइल परत चढवायची सोय झाली. माझ्या मते ती पहिल्या दिवसापासून हवी होती.

दुसरा अडसर आवृत्तीचा. बिघडलेल्या यंत्राच्या बदल्यात आलेल्या नव्या यंत्रात एसिंकओएस वेगळ्या आवृत्तीचं असलं, तर जुनी फाइल चढत नाही. आधी आवृत्ती जुळवा, मग फाइल. म्हणून फाइलीच्या नावात तारखेबरोबर आवृत्तीही घालायची, हा आमच्याकडचा दंडक. क्लस्टरची, म्हणजे एकत्र जोडलेल्या यंत्रांची, तऱ्हा निराळीच : जुन्या आवृत्त्यांत क्लस्टरमधल्या यंत्रावर ‘लोडकॉन्फिग’ चालतच नसे.

हल्लीची पोरं ‘रोलबॅककॉन्फिग’ दाखवतात. मागच्या दहा कमिटपैकी हवं तिथे परत जाता येतं, मग सर, फाइल कशाला? सोय चांगलीच आहे. पण त्या दहाही नोंदी त्याच यंत्राच्या पोटात असतात. डिस्क गेली की त्याही गेल्या. तेव्हा फाइल काढायची, पासवर्डासकट, आणि यंत्राबाहेर कुलपात ठेवायची.