ऑलिंपिकचा बॉम्ब आणि दवाखान्याचा बॉम्ब

एरिक रुडॉल्फ हे नाव निघाले की अटलांटाचे ऑलिंपिक आठवते. २७ जुलै १९९६ रोजी तेथील उद्यानात त्याचा बॉम्ब फुटला आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याला पहिले पान दिले. परंतु याच गृहस्थाने जानेवारी १९९७ मध्ये अटलांटाजवळच्या एका गर्भपाताच्या दवाखान्यात दोन बॉम्ब पेरले. दुसरा सुमारे तासाभराने फुटणारा, म्हणजे मदतीला धावलेल्यांसाठी! पुढल्या जानेवारीत बर्मिंगहॅमच्या दवाखान्यापाशी पहाऱ्यावरचा पोलीस मेला, परिचारिकेचा डोळा गेला. तरी लोकांच्या तोंडी तो राहिला ऑलिंपिकचा बॉम्बवाला.

२००१ साली अँथ्रॅक्सची पाकिटे वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत आणि सेनेटरांकडे गेली, तेव्हा रकानेच्या रकाने भरले. त्याच सुमारास क्लेटन वागनर याने दवाखान्यांना पाचशेहून अधिक धमकीची पत्रे धाडली, पांढऱ्या पुडीसकट. त्यांचा बोभाटा त्या मानाने फारच थोडा झाला. पूड खोटी होती हे खरे. पण ते पाकीट फोडणाऱ्या बाईला फोडताना कुठे ठाऊक होते?

मला यात संपादकांचे कारस्थान दिसत नाही. मैदानातली भीती सर्वांची. दवाखान्याच्या दारातली भीती मात्र 'वादग्रस्त विषया'च्या कप्प्यात जाते, आणि वाद म्हटला की दोन्ही बाजू सारख्याच दोषी ठरतात.

आपल्या र. धों. कर्व्यांवर बॉम्ब पडला नाही, खटले पडले. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंचे केंद्र त्याच वर्षीचे. १९२५ साली विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली. दुसऱ्याच्या छापखान्यावर विसंबून हा विषय लोकांपर्यंत जाणार नाही, हे त्यांनी ओळखले असावे. १९२७ च्या जुलैत त्यांनी स्वतःचे 'समाजस्वास्थ्य' काढले. घर चालवायला मालतीबाईंची मिळकत होती, हे आपण सोयीने विसरतो. आज वाकडात हिंजवडीच्या वाटेवर प्रसूतिगृहांच्या पाट्या मी सहज वाचत जातो. त्या काळी यातले अर्धे शब्द छापणे हाच गुन्हा ठरला असता.

१९३४ च्या खटल्यात वाचकांच्या खाजगी शंकांना दिलेली उत्तरे अश्लील ठरवली गेली. वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. निकाल विरुद्ध गेला, दोनशे रुपये दंड झाला. मासिक १९५३ साली कर्वे वारले तोवर निघत होते.