रक्तातील एका शिखराचा इतिहास

रक्ततपासणीच्या अहवालात ‘एम-बँड आढळला’ एवढेच शब्द असतात आणि घरभर कर्करोगाची भीती पसरते. या शब्दांचा खरा अर्थ कळण्यासाठी विज्ञानाला शतकाहून अधिक काळ लागला.

नोव्हेंबर १८४५. लंडनमधील एक किराणा व्यापारी हाडांच्या वेदनांनी जर्जर झाला होता. त्याच्या लघवीचा नमुना डॉ. हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे आला. तीत एक विलक्षण प्रथिन होते: तापवताच त्याचा साका धरे, उकळी येताच तो विरघळे आणि निवताच पुन्हा दिसे. १ जानेवारी १८४६ रोजी रुग्ण दगावला. प्रथिनाचे कोडे मात्र उरले.

१९३७ मध्ये स्वीडनच्या आर्ने तिसेलियस यांनी विद्युतक्षेत्रात रक्तद्रवातील प्रथिने वेगळी करण्याची पद्धत विकसित केली. निरोगी माणसाच्या शरीरात असंख्य पेशीकुळे निरनिराळी प्रतिपिंडे बनवतात. म्हणून आलेखावर त्यांची पसरट टेकडी दिसते. एकच पेशीकुळ बेसुमार वाढले, तर एकसारख्या प्रतिपिंडांचे उंच, निमुळते शिखर उभे राहते. हाच एम-बँड. बेन्स जोन्स यांचे प्रथिन म्हणजे अशाच प्रतिपिंडाची ‘हलकी साखळी’, हे जेराल्ड एडलमन आणि जोसेफ गॅली यांनी १९६२ मध्ये दाखवून दिले.

पण शिखर म्हणजे कर्करोगच का? स्वीडनचे यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी लक्षणे नसलेल्या माणसांतही ते पाहिले होते. अमेरिकेतील रॉबर्ट काइल यांनी १९७८ मध्ये या अवस्थेला ‘एमजीयूएस’, म्हणजे ‘महत्त्व अनिश्चित असलेली’ अवस्था, असे प्रामाणिक नाव दिले. मिनेसोटातील त्यांच्या अभ्यासांत पन्नाशीपुढील ३.२ टक्के लोकांत ती आढळली. दरवर्षी त्यांपैकी सुमारे १ टक्का व्यक्तींतच तिचे रूपांतर मायलोमा किंवा तत्सम आजारात होते. म्हणूनच डॉक्टर केवळ शिखर पाहून निदान करीत नाहीत. कॅल्शियम, मूत्रपिंडे, हिमोग्लोबिन आणि हाडे तपासतात आणि ठरावीक काळाने पुन्हा चाचणी करतात.

या कथेचे एक वळण हृद्य आहे. १९७५ मध्ये केंब्रिज येथे कोलर आणि मिलस्टाइन यांनी उंदराच्या मायलोमा पेशींचा प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशींशी संयोग घडवला आणि एकसारखी प्रतिपिंडे हवी तेवढी मिळू लागली. त्या वाटेवर पुढे आलेले डाराटुमुमॅब आज मायलोमावरच दिले जाते. हे औषधही प्रतिपिंडच असल्याने कधीकधी रुग्णाच्या आलेखावर स्वतःची छोटी रेघ उमटवते!

तेव्हा अहवाल हाती आला, तर घाबरू नये आणि तो दुर्लक्षूही नये. रक्तविकारतज्ज्ञांना दाखवावा. शिखर हा प्रश्न आहे. उत्तर पुढच्या तपासण्यांत असते.