दात कोण वर आणतो?

लहानपणी आमच्या घरी दुधाचा दात पडला की तो उंदराच्या बिळाशी नेऊन टाकायचा अशी चाल होती. उंदराचे दात बारीक पण बळकट. तसेच नवे दात लेकराला यावेत, एवढीच त्यामागची भाबडी मागणी. पुढे दातांविषयी वाचू लागलो तेव्हा मौज वाटली. दात वर कसा येतो, याचा धागा शास्त्रज्ञांच्या हाती दिला तो उंदरांच्याच पिलांनी!

हकीकतीचा आरंभ मात्र दातापासून होत नाही. इटलीतील तुरीन शहरी रीटा लेव्ही-माँताल्चिनी नावाच्या ज्यू डॉक्टरीणबाई होत्या. १९३८ साली मुसोलिनीच्या वंशभेदी कायद्यांनी त्यांना विद्यापीठाचे दार बंद केले, तेव्हा त्यांनी निजायच्या खोलीतच प्रयोगशाळा थाटली आणि कोंबडीच्या अंड्यांतल्या गर्भांवर काम चालू ठेवले. युद्धानंतर, १९४७ मध्ये, त्या अमेरिकेत सेंट लुई येथे व्हिक्टर हॅम्बर्गर यांच्याकडे गेल्या. उंदराच्या काही गाठींतून एक द्रव्य पाझरते आणि त्याने गर्भातले मज्जातंतू भराभर फुटतात, असे बाईंना तिथे आढळले. ते द्रव्य वेगळे काढण्यासाठी १९५३ मध्ये स्टॅन्ली कोहेन त्यांना येऊन मिळाले. हे ब्रुकलिनमधल्या एका शिंप्याचे चिरंजीव, विषय रसायन.

या द्रव्यात न्यूक्लिक आम्ल आहे की काय, हे पाहण्यासाठी कोहेन यांनी अर्कात थोडे सापाचे विष घातले. विषात त्या आम्लाचे तुकडे पाडणारा पदार्थ असतो. झाले उलटेच! मज्जातंतू अधिकच जोमाने फुटले. गाठीत जे मोठ्या कष्टाने हाती लागत होते, ते विषात कितीतरी पटींनी भरलेले. मग विचार आला, सापाची विषग्रंथी म्हणजे लाळग्रंथीचाच एक प्रकार. तर उंदराच्या लाळग्रंथीत का पाहू नये? तिथेही ते विपुल सापडले.

या लाळग्रंथीचा अर्क कोहेन नुकत्याच जन्मलेल्या उंदरांना टोचीत, तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसली. उंदराच्या पिलाचे डोळे एरव्ही १२ ते १४ दिवसांनी उघडायचे, ते सातव्या दिवसाच्या सुमारास उघडू लागले. पुढचे दात एरव्ही ८ ते १० दिवसांनी दिसायचे, ते पाच-सहा दिवसांतच हिरडीबाहेर आले. मज्जातंतूंच्या द्रव्याचा हा गुण नव्हता. अर्कात आणखी काहीतरी होते. दुसरा एखादा असता तर ‘अर्क पुरता शुद्ध झाला नाही’ म्हणून ते काहीतरी गाळून टाकण्याच्या मागे लागला असता. कोहेन त्या अशुद्धीच्याच मागे लागले. १९५९ मध्ये ते नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठात गेले आणि १९६२ मध्ये ते प्रथिन वेगळे काढून त्यांनी जगापुढे ठेवले. कातडीच्या वरच्या थराची वाढ ते वेगाने घडवते, म्हणून पुढे त्याला ‘एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर’ असे भारदस्त नाव पडले. १९८६ चे नोबेल पारितोषिक कोहेन आणि लेव्ही-माँताल्चिनी या दोघांना मिळून मिळाले. हॅम्बर्गर यांचे नाव त्यात नव्हते, ही गोष्ट पुष्कळांना तेव्हा खटकली, मलाही खटकते.

असो. पण या गाजावाजात दाताचा प्रश्न मागेच राहिला. दात वर येतो म्हणजे नेमके कोण काय करते? मूळ वाढते आणि दाताला खालून रेटते, असे पुष्कळांना वाटे. कुणी म्हणे, भोवतालचे तंतू त्याला ओढून आणतात. जबड्यात तयार होणाऱ्या दाताभोवती एक पातळ पिशवी असते. तिला दंतपुटक म्हणतात. दाताला धरून ठेवणारे तंतू, मुळावरचा कठीण लेप आणि खोबणीचे हाड, म्हणजे दाताचा सारा आधार, हिच्यातूनच घडतो. पण दात वर येण्याचे श्रेय तिला द्यावे असे फारसे कुणाच्या मनात आले नाही.

डोनाल्ड काहिल आणि सँडी मार्क्स या दोघा अमेरिकनांनी हा वाद कुत्र्यांच्या दाढांवर प्रयोग करून सोडवला. (वाचताना मनाला जरा कसेसेच होते, हे कबूल केले पाहिजे.) १९८० मध्ये त्यांनी दाखवले की ही पिशवी काढून घेतली तर दाढ जागची हलत नाही. १९८४ चा प्रयोग तर एखाद्या जादूगाराला शोभावा असा. त्यांनी पिशवी राहू दिली, आतली दाढच काढून घेतली आणि तिच्या जागी तिच्याच आकाराचा धातूचा तुकडा ठेवला. तो निर्जीव तुकडा यथावकाश वर आला! वरचे हाड झिजून वाट झाली आणि तळाशी नवे हाड भरत गेले. दात हा पालखीतला देव, भोई निराळेच.

मग भोयांना हुकूम कोण देतो? प्रत्येक पेशीत सगळी जनुके असतात, पण ती सारी एकाच वेळी जागी नसतात. लुइझियानातील गॅरी वाइज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घुशीएवढ्या पांढऱ्या उंदरांच्या पहिल्या दाढेची पिशवी दिवसादिवसाने तपासली. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी तिच्यात ‘सीएसएफ-१’ या वाढद्रव्याचे जनुक सर्वांत जोरात चाललेले दिसले. या द्रव्याच्या हाकेसरशी रक्तातल्या विशिष्ट पेशी तिथे जमतात आणि त्यांतून हाड कुरतडणाऱ्या पेशी बनतात. त्याच दिवशी या कुरतडणाऱ्यांना आवर घालणाऱ्या दुसऱ्या एका द्रव्याचे जनुक मंदावते. दाढ तोंडात दिसते ती मात्र अठराव्या दिवसाच्या सुमारास. म्हणजे वाट खणायला पंधरवडा आधीच सुरुवात झालेली असते. ‘सीएसएफ-१’ चे जनुक बिघडलेल्या उंदरांना दातच येत नाहीत. आणखी एक गंमत: कोहेन यांचे द्रव्य पुढचे दात लवकर आणते, पण दाढा लवकर आणायला ‘सीएसएफ-१’च लागते. एकाच तोंडात दोन हुकूम!

हे सारे उंदरांपुरतेच असते तर मी इतके लिहिले नसते. काही घराण्यांत पिढ्यान्पिढ्या दाढा हाडातच अडून राहतात, वाटेत काही अडथळा नसताना. पूर्वी अशा मुलांच्या दाढा तारा बांधून ओढीत. त्याने दाढ वर येत नसे. ती हाडाला घट्ट चिकटून बसे आणि ओढ लागून शेजारचे चांगले दातच जागचे सरकत. बिचारे पोर वर्षानुवर्षे तारा घालून हिंडे. २००८ मध्ये अशा काही घराण्यांत ‘पीटीएच१आर’ नावाच्या जनुकात बिघाड सापडला. पिशवीला मिळणारा एक निरोप या जनुकाच्या द्वारे पोचतो, तो तिथेच तुटतो. आता शंका आली तर रक्त किंवा लाळ तपासून हा दोष शोधता येतो, आणि तो निघाला तर दंतवैद्य त्या दाढांना तार लावीत नाहीत.